‘वरून बंद आहे’ म्हणजे नक्की कुठून?

या महिन्याच्या पत्रांत नेटवर्कची पत्रं इतकी आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलावे लागले. बऱ्याच जणांनी शेवटी एकच ओळ लिहिली आहे : ‘मी इंजिनिअर नाही, तरी समजेल असं सांगा.’ मीही नाही हो. टायपिंगची ४० ची परीक्षा पास, एवढीच माझी तांत्रिक पदवी.

पहिलं पत्र : मी २६ वर्षांचा, बी.कॉम., लालबागला राहतो. काळबादेवीत कापडाच्या एका पेढीवर अकाउंट्स बघतो. तिथले सहा कॉम्प्युटर आणि प्रिंटर अडले की मलाच हाक मारतात, त्यातून गोडी लागली. नेटवर्क आणि सर्व्हरचं काम शिकायचंय. एका क्लासने सहा महिन्यांचे ८५ हजार सांगितलेत. लावू का?

८५ हजार तूर्त बँकेतच राहू द्या. क्लास वाईट असतात असं नाही, पण हाताला धूळ लागायच्या आधी लावलेला क्लास डोक्यावरून जातो.

मी कशी शिकले ते सांगते. १९९७ साली फोर्टातल्या एका शिपिंग कंपनीत टायपिस्ट म्हणून लागले. ऑफिसात १८ मशिनं, आणि टेबलांखालून सगळ्यांना ओवत गेलेली एकच काळी गोल केबल. प्रत्येक मशिनच्या पाठीमागे टी-आकाराचा जोड. केबलच्या दोन्ही टोकांना बोटाच्या पेराएवढी एकेक टोपी, ५० ओहमची, तिला टर्मिनेटर म्हणायचे. टोपी निघाली किंवा मधला एखादा जोड सैल झाला की त्या एका मशिनचं नव्हे, अठराच्या अठरांचं नेटवर्क बसायचं. आणि ते बसायचंच, कारण टेबलाखाली पाय असतात, डबे असतात, झाडू फिरतो.

एकदा असंच सकाळी सगळं ठप्प. साहेब लालबुंद, कारण जहाज गोदीत आणि कागद सर्व्हरवर. सप्लायरचा माणूस आला. आधी चहा घेतला. मग मधल्या, नवव्या मशिनपाशी बसला, तिथली केबल सोडवली आणि खिशातली टोपी तिथे बसवली. म्हणाला, “सर्व्हरकडची नऊ चालतायत का बघा.” चालत होती! म्हणजे दुखणं पलीकडच्या नऊत. मग त्या नवांच्या मध्यावर गेला, पुन्हा तेच. चौथ्या फेरीला आमच्या डिस्पॅच क्लार्कच्या खुर्चीच्या चाकाखाली चेंगरलेली केबल सापडली. कुठलंही पुस्तक उघडलं नाही, लॅपटॉप नाही. त्या माणसाचं नावसुद्धा मी विचारलं नाही, याची अजून चुटपुट आहे. पुढच्या वेळी मी स्वतःच एक जादा टोपी पर्समध्ये ठेवली. दोन वर्षांनी सर्व्हरच्या खोलीची किल्ली माझ्याकडे आली. पगार टायपिस्टचाच राहिला, ते सोडा.

ती काळी केबल कधीच गेली, पण काम तेच राहिलं आहे. कुठपर्यंत पोचतंय ते बघा, मध्यावर कापा, चांगला निम्मा बाजूला काढा. हे ज्याला जमलं त्याला बाकीचं शिकता येतं.

आता खरेदी. रविवार सोडून एखाद्या दिवशी लॅमिंग्टन रोडला जा (रविवारी बरीच दुकानं बंद असतात). एक जुना डेस्कटॉप, आठ पोर्टचा साधा स्विच (मशिनं एकमेकांना जोडणारी डबी), आरजे-४५ कनेक्टरचं, म्हणजे केबलीच्या टोकाला लागणाऱ्या बुचांचं पाकीट, ती बसवायला क्रिम्पिंग टूल आणि दहा मीटर केबल. दुकानदार महागडा स्विच दाखवेल, घेऊ नका. पहिले आठ दिवस फक्त केबली करा. आठ तारांचा क्रम असा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तिसरी-सहावी हिरव्याची जोडी निळ्यांना मध्ये घेऊन बसते, तिथे सगळे चुकतात. मीही चुकले, पाकीटभर कनेक्टर वाया घालवले. आणि तांब्याची ही केबल १०० मीटरच्या पुढे ओढू नका. काळबादेवीत गाळ्यावरून गाळ्यावर, गच्चीवरून गच्चीवर केबल टाकणारे महाभाग मी पाहिलेत.

मग पेढीवरच्या सहाही मशिनचे पत्ते एका वहीत लिहून काढा : आयपी (मशिनचा पत्ता), मास्क (गावाची हद्द), गेटवे (बाहेर जायचं दार), डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारा). १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते असतील, तर २५६ पत्त्यांचं ते एक गाव. त्यातला पहिला गावाचा स्वतःचा, शेवटचा गावभर दवंडी पिटण्याचा. वापरायला उरले २५४. हे गणित महिनाभर हाताने करा, कॅल्क्युलेटर नको. अकाउंट्सवाल्याला ते जड जाणार नाही.

जुन्या डेस्कटॉपवर विंडोजच्या जागी डेबियन लिनक्स टाका, माऊसने चालणारा पडदा न घेता. मग मॉनिटर काढून ठेवा आणि दुसऱ्या मशिनवरून एसएसएचने, म्हणजे कुलूपबंद वाटेने, त्यात शिरा. मी सुरुवातीला टेलनेट वापरायची. त्यात पासवर्ड तारेवरून उघडा जायचा, पोस्टकार्डासारखा. हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात असेच पासवर्ड चोरीला गेले, म्हणून तिथल्या तातू युलोनेन यांनी १९९५ साली एसएसएच लिहिलं. आत शिरलात की एक वेब सर्व्हर चालू करा. तो मुद्दाम बंद पाडा, लॉग (मशीन स्वतः लिहितं ती नोंदवही) वाचा, परत उभा करा. डिस्क मुद्दाम भरून टाका आणि मशीन कसं विचित्र वागतं ते बघा. ‘सर्व्हर बिघडला’ म्हणून आलेल्या किती फोनांच्या मुळाशी भरलेली डिस्क निघाली, याची मोजदादच नाही.

बॅकअपचं मात्र शिकण्याआधीच ऐकून ठेवा. २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. मी तेव्हा कुर्ल्याच्या एका कंपनीत होते. सर्व्हर तळमजल्यावर, कारण वर साहेबांची केबिन. रोज रात्री टेपेवर बॅकअप व्हायचा, त्याच्या वहीत माझी रोजची सही. आणि टेपा कुठे? सर्व्हरच्याच कपाटात, खालच्या खणात. त्या रात्री आम्ही अकरा जण पहिल्या मजल्यावर बिस्किटांवर बसून होतो, आणि खाली सर्व्हर, यूपीएस, टेपा एकाच पाण्यात. पुढे हिशोब उभे राहिले ते एका क्लार्कने रविवारी काम करायला घरी नेलेल्या सीडीवरून. कंपनीच्या नियमाने ती घरी नेणं गुन्हा होता. तेव्हापासून : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत. महिन्यातून एकदा त्यातली एक फाइल परत काढून उघडून बघायची. न उघडलेला बॅकअप हा बॅकअप असल्याचा संशय असतो, एवढंच.

सहा-आठ महिन्यांनी हे हाताला बसलं की सिस्को कंपनीच्या सीसीएनए या नेटवर्कच्या परीक्षेची तयारी सुरू करा. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर नोंदणी केली की फुकट मिळतं, त्यात राउटर-स्विच पडद्यावर जोडता येतात. तेव्हाही क्लास हवासा वाटला, तर लावा. प्रश्न घेऊन जाल.

दुसरं पत्र : मी बेस्टमधून निवृत्त, वय ६४, गिरगाव. घरचं इंटरनेट बंद पडलं की केबलवाला मुलगा फोनवर एकच सांगतो : “काका, वरून बंद आहे.” वरून म्हणजे कुठून? आणि तो खरं बोलतोय हे मला घरबसल्या कळेल का?

काका, तुमच्या पत्रावरूनच मी या वेळचं शीर्षक घेतलं. कळेल, आणि दोन मिनिटांत कळेल.

आधी भिंतीवरच्या डबीकडे बघा. एलओएस लिहिलेला दिवा लाल लुकलुकतोय? मग फायबरमधून प्रकाशच येत नाही. तार तुटली किंवा वाकली आहे, उंदीर, रस्ता खणणारे, कोणीही असेल. त्याला नुसतं ‘बंद आहे’ न सांगता ‘एलओएस लाल आहे’ सांगा. त्याचा आवाज बदलेल.

दिवा ठीक असेल तर कॉम्प्युटरवर काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडा आणि तीन हाका मारा. पहिली घरातल्याच राउटरला : पिंग १९२.१६८.१.१ (तुमचा आकडा डबीच्या खाली चिकटवलेला असतो). दुसरी बाहेरच्या ओळखीच्या पत्त्याला : पिंग ८.८.८.८. तिसरी एखाद्या वेबसाइटला तिच्या नावाने. पहिल्याच हाकेला ओ आली नाही, तर भांडण घरातच आहे, मुलाला फोन करू नका. पहिलीला आली, दुसरीला नाही, तर पोरगा खरं बोलतोय. आणि दुसरीला ओ येते पण नावाने हाक मारली की येत नाही, तर रस्ता शाबूत आहे, फक्त नावावरून पत्ता सांगणारी वही, म्हणजे डीएनएस, बंद आहे. ‘वरून बंद’ म्हणून सांगितलेल्या तक्रारींत हा तिसरा प्रकार बराच असतो, आणि डीएनएसचा आकडा बदलला की तो घरच्या घरी सुटतो.

ही पिंगची हाक १९८३च्या डिसेंबरात माइक म्यूस नावाच्या अमेरिकन माणसाने लिहिली. पाणबुडीतून आवाज सोडायचा आणि प्रतिध्वनी ऐकायचा, त्या आवाजावरून नाव.

‘वरून’चं म्हणाल, तर सगळ्यात मोठं वरून हे खालून असतं. परदेशी जाणाऱ्या केबली समुद्रतळावरून मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. १८७० साली सुएझ-एडनहून तारायंत्राची केबल मुंबईला आली, तेव्हापासूनचा हा शिरस्ता. ३० जानेवारी २००८ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ दोन केबली तुटल्या आणि इथे माझ्या ऑफिसात लंडनशी चालणारं काम गोगलगायीसारखं झालं. साहेबांना मी सांगितलं, सर, इजिप्तमध्ये तुटलंय. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

तिसरं पत्र : मुलुंडच्या एका शाळेत मी शिक्षिका आहे. विषय मराठी, पण ‘तुम्हाला कॉम्प्युटर येतो ना’ म्हणून लॅबची जबाबदारी माझ्यावर. २२ मशिनं आहेत. दिवाळीनंतर रोज वेगवेगळ्या आठ-दहा मशिनवर इंटरनेट येत नाही, प्रिंटरही दिसत नाही. बंद करून चालू केलं की कधी येतं, कधी नाही. तुम्ही मागे सांगितलं होतंत म्हणून पत्ते उतरवले : चालणाऱ्या मशिनचे १९२.१६८.१ ने सुरू होतात, न चालणाऱ्यांचे १९२.१६८.०ने. इंजिनिअर म्हणतो, व्हायरस आहे, सगळी फॉरमॅट करावी लागतील.

बाई, फॉरमॅट करू देऊ नका. त्या इंजिनिअरला चहा पाजून परत पाठवा. पत्ते उतरवलेत तिथेच तुम्ही रोग पकडलात, फक्त त्याचं नाव तुम्हाला माहीत नव्हतं.

मशीन सुरू झालं की ते सगळ्या नेटवर्कला ओरडून विचारतं, मला कोणी पत्ता देता का? पत्ता वाटणाऱ्याला डीएचसीपी सर्व्हर म्हणतात. एका नेटवर्कात तो एकच असावा. तुमच्याकडे दोन झालेत. ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता मशीन बहुधा घेतं, म्हणून रोज वेगळी मशिनं आणि म्हणून कधी येतं, कधी नाही. दुसरा वाटणारा म्हणजे दिवाळीनंतर कोणीतरी घरचा जुना वायफाय राउटर आणून शाळेच्या केबलला लावलाय. स्टाफरूममध्ये बघा, तिथे नसेल तर मुख्याध्यापकांच्या खोलीत. (वायफाय हवं होतं, विचारायचं कोणाला, घरी पडलेला होता. आमच्याकडे हे थेट डायरेक्टरनी केलं होतं, त्यामुळे शोधायला पाच मिनिटं आणि सांगायला दोन दिवस लागले.)

पाहून सापडला नाही, तर बिघडलेल्या मशिनवर आयपीकॉन्फिग ऑल द्या. ‘डीएचसीपी सर्व्हर’ या ओळीत चोराचा पत्ता असेल, बहुतेक १९२.१६८.०.१. त्याला सतत पिंग करत ठेवा. मुलं सुटल्यावर स्विचपाशी जाऊन निम्म्या केबली काढा, म्हणजे पिंग चालवणाऱ्या मशिनची केबल सोडून. पिंग थांबलं? मग तो काढलेल्यांत आहे. नाही थांबलं, तर राहिलेल्यांत. वर लालबागच्या मुलाला सांगितलेली टोपीची गोष्ट वाचा, तेच आहे.

सापडल्यावर तो राउटर फेकू नका, नाहीतर स्टाफरूम तुमच्यावर रुसेल. त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन डीएचसीपी बंद करा, त्याला १९२.१६८.१ मधला, कोणी वापरत नसलेला एक कायमचा पत्ता द्या आणि केबल त्याच्या लॅन लिहिलेल्या भोकात लावा, वॅनमध्ये नको. वायफाय राहील, वाटप बंद होईल. एखादं मशीन पुढे कधी १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता दाखवायला लागलं, तर तो वेगळा आजार : त्याला कोणीच उत्तर दिलेलं नाही. आधी केबल बघा.

मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत की ओएसआयचे सात थर पाठ करण्यात वेळ घालवू नका. माझ्या मुलाने तुमचं ऐकलं. मुलाखतीत पहिला प्रश्न तोच होता. – एक वडील, बोरिवली

चूक माझी, मुलाची माफी मागते. सात थर म्हणजे नेटवर्कच्या कामाच्या सात पायऱ्या, १९८४ सालच्या आंतरराष्ट्रीय मानकातल्या. तारांवर मशिनं प्रत्यक्षात बोलतात ती टीसीपी-आयपीच्या नियमांनी, जे अर्पानेटने (इंटरनेटच्या अमेरिकेतल्या पूर्वजाने) १ जानेवारी १९८३लाच स्वीकारले होते. म्हणून मी तसं लिहिलं. पण मुलाखत घेणाऱ्याला हे सुनावून नोकरी मिळत नाही, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. मुलाला म्हणावं, पाठ कर. खालून वर कर : तार, शेजारचं मशीन, लांबचं मशीन, पोचपावती, आणि वरचे तीन. बिघाड शोधतानाही खालूनच वर जायचं असतं, त्यामुळे पाठांतर अगदी वाया जाणार नाही.

वेबसाइटवर फोटो चढत नव्हते. इंटरनेटवर सापडलं म्हणून फोल्डरला ७७७ परवानगी दिली, चढायला लागले. मित्र म्हणतो, हे चुकीचं. चालतंय तर चुकीचं कसं? – एक वाचक, चेंबूर

तीन आकडे म्हणजे मालक, गट आणि बाकी सगळं जग. सात म्हणजे वाचा, लिहा, चालवा. दार अडकत होतं म्हणून तुम्ही दारच काढून ठेवलंत. फोल्डरची मालकी वेब सर्व्हरच्या युजरला द्या, परवानगी ७५५ करा, फाइलींना ६४४. आजच करा.

शेवटचं पत्र : मी बारावीत आहे, भांडुप. ताईच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून स्वतःची वेबसाइट चालवली. घरात सगळ्यांच्या मोबाइलवर दिसते. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगही केलं. पण विक्रोळीच्या मित्राला दिसतच नाही. तीन रविवार गेले.

तीन रविवार फुकट गेले नाहीत, तू जवळजवळ सगळं बरोबर केलंयस. आईला किंवा आजीला विचार, पीपी नंबर म्हणजे काय. आमच्या चाळीत फोन एकच, तळमजल्यावरच्या वाण्याकडे. लग्नपत्रिकेवरसुद्धा त्याचाच नंबर छापायचो, पुढे ‘पीपी’ लिहून. आपण कुठेही फोन लावू शकायचो. पण बाहेरून फोन आला, तर वाण्याला माहीत हवं की कोणाला हाक मारायची. तुझा राउटर म्हणजे तो वाणी. घरातले १९२.१६८चे पत्ते बाहेर कोणाला दिसत नाहीत, बाहेर त्याचाच एक नंबर. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे त्याला सांगून ठेवणं : ८० नंबरसाठी कोणी आलं तर दुसऱ्या मजल्यावर लॅपटॉपला हाक मार.

इथपर्यंत तू केलंस. आता राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, आयपी बघ. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यातला, किंवा १०ने सुरू होणारा आहे का? माझी खात्री आहे की असणार. म्हणजे तुझ्या वाण्याकडेही स्वतःचा फोन नाही, तो नाक्यावरच्या दुसऱ्या दुकानाचा पीपी नंबर वापरतोय. आयपीव्ही-४ मध्ये, म्हणजे पत्त्यांच्या जुन्या पद्धतीत, पत्तेच जेमतेम ४२९ कोटी, ते पुरेनात म्हणून कंपन्या शेकडो घरांना एका पत्त्यामागे बसवतात. २०१२ साली १००.६४चा पट्टा खास त्यासाठीच राखून ठेवला. नाक्यावरचा दुकानदार काही तुझी सेटिंग करणार नाही.

वाटा तीन. कंपनीकडून महिन्याचे जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे कायमचा स्वतःचा पत्ता घे. बाबा किती देतील ते बघ. किंवा तुमच्या जोडणीवर आयपीव्ही-६ (पत्त्यांची नवी पद्धत) मिळतो का ते तपास. मिळत असेल तर लॅपटॉपला जगात दिसणारा स्वतःचा पत्ता असेल, फक्त राउटरच्या फायरवॉलमध्ये त्याला वाट द्यावी लागेल आणि मित्राकडेही आयपीव्ही-६ हवा. तिसरी वाट, भाड्याचा लहानसा व्हर्च्युअल सर्व्हर. मी तिसरी घेतली असती, कारण मग ताईचा लॅपटॉप ताईला परत देता येतो.

एक मात्र कर. जगाला दार उघडायच्या आधी एसएसएचला पासवर्डने आत शिरणं बंद कर, किल्लीची फाइल वापर. नाहीतर पहिल्याच रात्री लॉगमध्ये बघ, कुठले कुठले पत्ते रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट अशी नावं घेऊन दार ठोठावत असतील. ते तुझ्या मागावर नाहीत, ते सगळ्यांचीच दारं ठोठावतात, पण उघडं सापडलं तर शिरतात. त्या लॉगच्या दहा ओळी पुढच्या पत्रात उतरवून पाठव, त्या कशा वाचायच्या ते सांगेन. गेल्या वेळी तू पत्राच्या मागच्या बाजूला राउटरचा पासवर्ड लिहून पाठवला होतास. मी तो खोडलाय. तू बदल.